फ्रीझरमध्ये सापडलेला कॉलरा: दोन विद्यापीठांच्या भागीदारीतला एक पेच

हे प्रकरण दोन देशांतल्या दोन विद्यापीठांचे आहे. ओळख पटू नये म्हणून देश, संस्था, माणसे आणि तारखा काढून टाकल्या आहेत. जिथे रुग्ण होते आणि नमुने गोळा होत होते ते 'यजमान विद्यापीठ'. जिथून निधी येत होता आणि जिथे महागड्या तपासण्या होत होत्या ते 'सहयोगी विद्यापीठ'.

पार्श्वभूमी

प्रकल्प ५ वर्षांखालच्या मुलांमधल्या जुलाबांचा होता. मध्यम किंवा तीव्र जुलाब होऊन रुग्णालयात आलेले मूल, आणि त्याच्याच वस्तीतले, साधारण त्याच वयाचे पण जुलाब नसलेले दुसरे मूल, अशा जोड्या लावायच्या आणि दोघांच्याही शौचाच्या नमुन्यांत कोणकोणते जंतू आहेत ते पाहायचे.

निरोगी मुलाचा नमुना कशाला, असे बाहेरच्या माणसाला वाटते. आफ्रिका आणि आशियातल्या ७ देशांत झालेल्या ग्लोबल एंटेरिक मल्टिसेंटर स्टडी या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात याचे उत्तर आहे. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांमध्ये कोणता ना कोणता जंतू सापडला होता, पण निरोगी मुलांपैकी ७२ टक्क्यांमध्येही सापडला होता. त्यामुळे नुसता जंतू दिसला म्हणून जुलाब त्यानेच झाले असे धरता येत नाही. निरोगी मुलांशी ताडून पाहावेच लागते. पुढे याच अभ्यासातल्या नमुन्यांची पीसीआरने, म्हणजे जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीने, फेरतपासणी झाली आणि २०१६ मध्ये कळले की शिगेलासारख्या जंतूंचा वाटा कल्चरवरून (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या पद्धतीवरून) वाटला होता त्याहून बराच मोठा आहे. तेव्हापासून या विषयातले अनेक मोठे प्रकल्प पीसीआरवर उभे राहू लागले.

ही पीसीआर साधी नसते. ३८४ बारीक खळग्यांचे एक कार्ड असते, त्यावर एका वेळी ८ नमुने चढवले जातात आणि प्रत्येक नमुना कित्येक जंतूंसाठी एका फटक्यात तपासला जातो. कार्ड आणि त्याचे यंत्र दोन्ही महाग. यजमान विद्यापीठाकडे कल्चरची उत्तम लॅब होती, अनुभवी माणसे होती, एक साधे पीसीआर यंत्रही होते. पण कार्डाचे यंत्र नव्हते. ते सहयोगी विद्यापीठाकडे होते. म्हणून नमुने परदेशी जाणार हे पहिल्या बैठकीतच गृहीत धरले गेले. यंत्र इकडे आणता येईल का, हे त्या बैठकीत कोणी विचारलेसुद्धा नाही.

करारात काय होते

करार व्हायला वर्षभर गेले. त्यातला मोठा भाग लेखकांच्या नावांचा क्रम आणि पेटंटचे हक्क यांवर खर्ची पडला. जुलाबाच्या जंतूंच्या सर्वेक्षणातून कोणते पेटंट निघणार होते कोण जाणे, पण दोन्हीकडच्या कायदा विभागांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली. जनुकीय सामग्रीच्या वापराचा फायदा मूळ देशालाही मिळावा यासाठीच्या नागोया प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराचा मुद्दाही निघाला. माणसाची जनुकीय सामग्री त्या प्रोटोकॉलच्या कक्षेबाहेर आहे, पण माणसाच्या शौचातल्या जीवाणूंचे काय? यावर दोन वकिलांची तीन मते पडली आणि शेवटी 'लागू असलेल्या सर्व कायद्यांचे पालन केले जाईल' एवढे लिहून विषय मिटवला.

पुढे ज्यांनी प्रकरणाला वळण दिले त्या चार गोष्टी मात्र फारशी चर्चा न होता ठरल्या होत्या.

पहिली, नमुने ड्राय आइसवर सहा-सहा महिन्यांनी एकत्र पाठवायचे. विमानाने जैविक नमुने पाठवायचे म्हणजे तिहेरी वेष्टन, जैविक नमुन्यांसाठीचे यूएन ३३७३ चे लेबल, ड्राय आइसचे वेगळे लेबल, निर्यातीचा परवाना, आयातीचा परवाना. दर महिन्याला हा खटाटोप परवडणारा नव्हता.

दुसरी, प्रकल्पातली कोणतीही माहिती 'त्रयस्थ पक्षाला' द्यायची तर दोन्ही विद्यापीठांची लेखी संमती हवी, आणि संमतीवर विचार करायला ६० दिवसांची मुदत.

तिसरी, यजमान लॅबमध्ये साल्मोनेला, शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टरचे कल्चर करायचे, कॉलराचे नाही. त्या भागात अनेक वर्षे कॉलराची अधिकृत नोंद नव्हती, त्यामुळे टीसीबीएस हे कॉलराचा जंतू वाढवायला लागणारे माध्यम खरेदीच्या यादीतून गळले. परदेशातल्या कार्डावर मात्र कॉलराची जनुके शोधायची सोय होती, कारण ते कार्ड अनेक देशांसाठी एकच बनवलेले होते.

चौथी गोष्ट यजमान विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागप्रमुखांच्या हट्टामुळे झाली. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे आणि एक इथेच, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. सहयोगी विद्यापीठाला हा दुप्पट खर्च वाटला. बाईंनी ऐकले नाही. अर्धा भाग राहणार नसेल तर एकही नळी जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

पेच

नमुन्यांची तिसरी खेप पोचल्यावर सहयोगी विद्यापीठातली एक पोस्टडॉक संशोधिका ती कार्डांवर चढवत होती. एका नमुन्यात सीटीएक्सए, म्हणजे कॉलराच्या विषाचे जनुक, आले. पीसीआरमध्ये आलेख जितक्या लवकरच्या फेरीत वर चढतो तितका जंतू जास्त. हा आलेख ३५व्या फेरीला रेंगाळत उठला असता तर तिने वहीत 'शंकास्पद' लिहून पुढे पाहिले असते. तो २४व्या फेरीच्या आधीच उठला होता. शेजारच्या खळग्यात ओ१ या गटाचे जनुकही तसेच चढले होते. कॉलराच्या जीवाणूचे २०० हून अधिक गट आहेत, पण साथ पसरवणारे ओ१ आणि ओ१३९ हे दोनच. पुढच्या कार्डांवर आणखी २ नमुने तसेच निघाले. नोंदवही उघडून पाहिले तर तिन्ही आजारी मुलांचे होते, एकाच आठवड्यातले आणि एकाच भागातले.

नमुने ७ महिने जुने होते. कॉलराची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला काही तास ते ५ दिवस लागतात, त्यामुळे त्या मुलांच्या उपचारासाठी या निकालाचा काही उपयोग उरला नव्हता. त्या भागातल्या पाण्याचे काय, हा प्रश्न होता. पुढचे पावसाचे दिवस दोन महिन्यांवर आले होते.

संशोधिकेने आपल्या प्राध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, "आधी पुन्हा करून बघ. तोवर बाहेर बोलू नकोस."

ते असे का म्हणाले हे समजण्यासारखे आहे. कॉलरा हा राजकीय आजार आहे. कित्येक देश 'तीव्र पाण्यासारखे जुलाब' अशी नोंद करून तो शब्द टाळतात, कारण पर्यटन, निर्यात आणि सरकारची अब्रू तिन्ही पणाला लागतात. हैतीमध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलराची साथ सुरू झाली, तेव्हा संशय संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या छावणीवर होता. २०११ मध्ये नेपाळ आणि डेन्मार्कसह काही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून नेपाळातल्या २४ जंतूंचे जनुकीय आराखडे हैतीतल्या जंतूंशी ताडून पाहिले आणि जवळचे नाते दाखवले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. प्रयोगशाळेतला निकाल आणि त्याची कबुली यांच्यात ५ वर्षे जाऊ शकतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चुकीचा निकाल बाहेर गेला तर काय होईल याची धास्ती त्याहून मोठी.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय थांबण्याचा होता. उरलेले नमुने तपासायचे, माहिती साफ करायची, तीन महिन्यांनी होणाऱ्या सुकाणू समितीच्या बैठकीत विषय ठेवायचा. कराराच्या अक्षरात हेच बसत होते. सहयोगी विद्यापीठाच्या कायदा विभागाने विचारल्यावर हेच सांगितले. काहींच्या मनात शोधनिबंधाची काळजीही होती: निकाल आधीच बाहेर गेला तर नियतकालिक तो छापेल का? ही काळजी निराधार होती. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी तातडीची माहिती आधी जाहीर केल्याने प्रसिद्धीला बाध येत नाही. पण चर्चेच्या पहिल्या फेरीत हे कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरे टोक म्हणजे सहयोगी विद्यापीठाने परस्पर जागतिक आरोग्य संघटनेला कळवणे. संशोधिकेचा कल इकडे होता. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार कॉलराच्या घटनेचे मूल्यमापन देशांनी ४८ तासांत करायचे असते आणि ती घटना आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकत असेल तर पुढच्या २४ तासांत कळवायचे असते. पण ही जबाबदारी देशांवर आहे, विद्यापीठांवर नाही. संघटना इतर स्रोतांकडून आलेली माहितीही विचारात घेते हे खरे. पण ती मग पडताळणीसाठी त्याच देशाकडे जाते. म्हणजे फिरून प्रश्न त्याच मंत्रालयाच्या टेबलावर येणार, फक्त या वेळी परदेशी विद्यापीठाने केलेली तक्रार म्हणून. यजमान विद्यापीठाचा परवाना दुसऱ्याच दिवशी रद्द झाला असता, आणि त्या भागात पाणी तपासायला कोणी गेले असते असेही नाही.

तिसरा पर्याय: यजमान विद्यापीठाच्या मुख्य संशोधकांना सगळे सांगायचे आणि पुढचे त्यांच्यावर सोपवायचे. हा योग्य वाटतो, पण यात एक खोच होती. निकालाची शहानिशा करायचे साधन त्यांच्या हातात नसताना जबाबदारी मात्र त्यांच्या गळ्यात पडली असती. अधिकाऱ्याने "तुम्ही स्वतः पाहिलेत का?" असे विचारले तर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

काय केले

ताज्या डीएनएवर पुन्हा चाचणी करायला ४ दिवस गेले. निकाल तोच आला. मग फोन झाला. यजमान मुख्य संशोधकांनी ऐकून घेतले आणि धक्का वगैरे न दाखवता लॅबमधले प्रश्न विचारायला सुरुवात केली. (निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे जंतू नसलेला आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणजे शोधायचे जनुक मुद्दाम घातलेला, चाचणी नीट चालते का ते पाहण्यासाठीचा नमुना.)

"निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ आहेत?"

"आहेत."

"तिन्ही नमुन्यांचे डीएनए एकाच दिवशी काढले होते?"

"दोन एका दिवशी, तिसरा दुसऱ्या दिवशी."

"आणि तुमच्या पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये काय आहे? जिवंत जंतूचा डीएनए की प्लाझमिड?"

प्लाझमिड, म्हणजे हवी ती जनुके बसवलेला डीएनएचा छोटा गोल. तो त्याच खोलीत उघडला जात होता, आणि सीटीएक्सए व ओ१ या दोन्ही जनुकांचे तुकडे त्याच एका प्लाझमिडवर होते. म्हणजे त्याचा एखादा कण जरी नमुन्यांत गेला असता तरी दोन्ही आलेख अगदी असेच चढले असते. एवढा ठोस वाटणारा पुरावा एका प्रश्नात पातळ झाला.

वाटही त्यांनीच सुचवली. प्लाझमिडवर नसलेले कॉलराचे तिसरे जनुक शोधायचे. टीसीपीए हे जनुक निवडले. ते सापडले तर कंट्रोलमधून भेसळ झाल्याची शंका मिटते. आणि ही चाचणी परदेशात नाही, इथेच करायची, फ्रीझरमध्ये राखून ठेवलेल्या अर्ध्या भागावर, इथल्या साध्या यंत्रावर, इथल्या तंत्रज्ञाच्या हाताने. लागणारे प्रायमर, म्हणजे हवे ते जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे, वाळवलेल्या स्वरूपात साध्या कुरिअरने येतात, त्यांना ड्राय आइस लागत नाही. आठवड्याच्या आत ते आले. तिन्ही नमुन्यांत टीसीपीए सापडले. कल्चर करूनही पाहिले, पण माध्यमाशिवाय थेट गोठवलेल्या शौचात इतक्या महिन्यांनी जिवंत जंतू मिळाला नाही, तशी फारशी अपेक्षाही नव्हती.

प्रायमरची वाट पाहत असतानाच खरा वाद झाला, आणि तो यजमान विद्यापीठाच्या आत झाला. मुख्य संशोधकांचे म्हणणे, राष्ट्रीय सर्वेक्षण कक्षातल्या अधिकाऱ्याला आजच तोंडी कल्पना द्यावी. अधिष्ठात्यांचे म्हणणे, पक्के होईपर्यंत एक शब्द नाही, शिवाय करारात ६० दिवसांचे कलम आहे. दोन दिवस हे चालले. तोड निघाली ती जुन्या फायलीतून. नमुने देशाबाहेर न्यायची परवानगी ज्या पत्राने मिळाली होती त्यात एक अट होती: सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काही आढळल्यास परवानगी देणाऱ्या मंत्रालयाला विनाविलंब कळवावे. पत्र दोन्ही विद्यापीठांनी स्वीकारलेले होते. ज्या मंत्रालयाने परवानगी दिली ते त्रयस्थ कसे ठरेल? कायदा विभागाने हा अर्थ मान्य केला, जरा कुरकुरतच.

फोन त्याच संध्याकाळी झाला. टीसीपीएचा निकाल आल्यावर लेखी पत्र गेले. ते एका पानाचे होते आणि त्यातला प्रत्येक शब्द तोलून घेतला होता: ३ जुन्या नमुन्यांत विष तयार करणाऱ्या कॉलरा ओ१ ची जनुके दोन वेगळ्या प्रयोगशाळांत सापडली; कल्चर मिळालेले नाही; यावरून सध्या प्रसार चालू आहे असे म्हणता येत नाही; त्या भागात टीसीबीएसवर कल्चर सुरू करावे अशी शिफारस आहे. सही फक्त यजमान विद्यापीठाची. सहयोगी प्राध्यापकांनी आपले नाव आपणहून काढायला सांगितले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला त्यांचा हा सर्वांत शहाणा निर्णय.

निष्पत्ती

मंत्रालयाने पत्राची पोच दिली आणि महिनाभर गप्प राहिले. त्या काळात यजमान लॅबने वाट न पाहता टीसीबीएस मागवले, अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये नमुना सहा तास वाढवून मग प्लेटवर पसरण्याची पद्धत तंत्रज्ञांना शिकवली, आणि रुग्णालयात कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळ्या ठेवल्या. त्यात शौचातला जंतू साध्या तापमानालाही काही दिवस तग धरतो. पावसाचे दिवस सुरू झाल्यावर पिवळ्या वसाहतींची पहिली प्लेट आली. तो ओ१ होता. आणखी काही रुग्ण सापडले. मंत्रालयाने त्या भागात क्लोरिनीकरण वाढवले, उपचार केंद्रात सलाईन आणि ओआरएसचा साठा ठेवला. सरकारी नोंदीत ही साथ 'नियमित सर्वेक्षणात आढळलेली' आहे. जुन्या ३ नमुन्यांचा उल्लेख कुठेही नाही, आणि मुख्य संशोधकांनी तो व्हावा असा आग्रहही धरला नाही.

भागीदारी टिकली, पण तिचा तोल बदलला. दुसऱ्या टप्प्याच्या निधीतून कार्डाचे यंत्र यजमान विद्यापीठात बसले. सहयोगी विद्यापीठ आता दर दहा नमुन्यांतला एक गुणवत्ता पडताळणीसाठी घेते. शोधनिबंधाला वर्षभर उशीर झाला. पोस्टडॉक संशोधिका तोवर दुसरीकडे गेली होती. निबंधात तिचे नाव आहे, पण पहिले नाही.

एक धागा लोंबकळतच राहिला. त्या ३ मुलांच्या घरी काय सांगायचे? संमतिपत्रात 'वैयक्तिक निकाल कळवले जाणार नाहीत' असे लिहिले होते. एथिक्स कमिटीने दोन बैठकांनंतर ठरवले की घरी जाऊन निकाल सांगायचा नाही, पण वस्तीला पाण्याविषयी सूचना द्यायची. कमिटीतल्या एका सदस्याने विरोधी मत नोंदवले. मुलाच्या शौचातून निघालेली माहिती मंत्रालयाला कळते आणि आईला कळत नाही, हे त्यांना मान्य नव्हते. मलाही ते पटत नाही, पण संमतिपत्र लिहिताना हा प्रसंग कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिले ४ दिवस वाया गेले असे म्हणणारे दोन्हीकडे आहेत. मला चाचणी पुन्हा करणे चुकीचे वाटत नाही. चूक गुप्ततेची होती. पहिल्याच दिवशी यजमान संशोधकांना सांगितले असते तर प्लाझमिडचा प्रश्न चौथ्या दिवशी नव्हे, पहिल्याच दिवशी निघाला असता आणि प्रायमर तेव्हाच मागवले गेले असते. भागीदाराला 'आधी आम्ही खात्री करतो, मग तुम्हाला सांगतो' असे वागवणे म्हणजे त्याच्याकडचे ज्ञान वापरायचेच नाही असे ठरवण्यासारखे आहे. शिवाय कनिष्ठ संशोधिकेने वरिष्ठांना न दुखवता कोणाला सांगायचे, यासाठी वाटच ठेवलेली नव्हती.

टीसीबीएस वगळणे ही त्याहून मोठी आणि जास्त साधी चूक होती. कॉलराची नोंद नाही म्हणून कॉलरा शोधायचा नाही, आणि शोधत नाही म्हणून नोंद नाही, हे चक्र प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून फिरत होते. माध्यमाचा खर्च प्रकल्पाच्या एकूण खर्चात दिसलाही नसता. ते माध्यम असते तर ही गोष्ट ७ महिने आधी, यजमान लॅबमध्येच आणि जिवंत जंतूसह उघड झाली असती. मग जंतूवर कोणते प्रतिजैविक चालते हेही कळले असते, जे पीसीआर सहजासहजी सांगत नाही.

सहा महिन्यांच्या खेपेबद्दल मत द्यायला मी कचरतो. दर महिन्याला पाठवणे खरोखर परवडत नव्हते. पण मग तातडीच्या मोजक्या जंतूंसाठी एक छोटी चाचणी स्थानिक यंत्रावर आधीच बसवायला हवी होती. त्याला मोठे कार्ड लागत नाही, हे प्रायमरच्या त्या एका आठवड्याने दाखवून दिले.

दुसऱ्या टप्प्याच्या करारात आता एक नवे कलम आहे. कॉलरा, पोलिओ आणि औषधांना न जुमानणारा टायफॉइड अशा ठरावीक यादीतले काही आढळल्यास २४ तासांत दोन्ही मुख्य संशोधकांनी बोलायचे, पडताळणी यजमान लॅबने राखीव भागावर करायची, मंत्रालयाला यजमान विद्यापीठाने कळवायचे, आणि ६० दिवसांची मुदत अशा वेळी लागू नाही. पडताळणीचे सामान फ्रीझरमध्ये आधीपासून ठेवलेले असते आणि दर वर्षी त्याची एक कोरडी तालीम होते. निधी संपल्यावर हे सामान कोणी भरायचे, यावर मात्र दोन्ही विद्यापीठांची पत्रे अजून एकमेकांकडे जात आहेत.